जामीनदार

मला हसू नका म्हणून सांगितलं होतं आणि त्याला हसा म्हणून. झालं नेमकं उलटं.

पिंपरीतल्या एका जुन्या फोटो स्टुडिओत मी व्हिसाचा फोटो काढायला गेले होते. या फोटोत दात दिसता कामा नयेत, कान दिसलेच पाहिजेत, केस मागे घट्ट बांधलेले हवेत... थोडक्यात, माणूस नुकताच पोलीस चौकीतून सुटून आल्यासारखा दिसला पाहिजे. तशी मी स्टुलावर बसले होते. माझ्यामागे नंबर लावून एक उंच मुलगा स्टुडिओचा कोट घालून उभा होता. स्टुडिओत कोट एकच, येईल त्याला तोच. त्याच्या बाह्या या महाशयांच्या मनगटाच्या चांगल्या वर संपत होत्या आणि हा आरशात बघून त्या खाली ओढत होता. आरशात मला ते सगळं दिसत होतं. मला हसू फुटलंच.

फोटोग्राफर वैतागला. तेव्हा मागून आवाज आला, “हसू द्या हो त्यांना. निदान एका माणसाला तरी कोट आवडला.”

मग त्याचा नंबर आला तर त्याला हसताच येईना. कशासाठी हवाय फोटो, असं मी आपलं सहज विचारलं. बायोडेटाला, म्हणाला, घरचे मुली बघतायत.

“मग हसू नकाच,” मी म्हटलं. “मुलीकडच्यांना खरं काय ते आधीच कळलेलं बरं.”

“तुम्ही फार आगाऊ आहात,” तो म्हणाला, आणि मग हसला. फोटोग्राफरनं तेवढ्यात बटण दाबलं. फोटोत तो कॅमेऱ्याकडं बघतच नव्हता. कुणाकडं बघत होता ते मी सांगायला नको.

त्याचं नाव ऋतिक. चाकणच्या अलीकडचं गाव. जमिनी कंपन्यांत गेल्या, त्या पैशातून घरात बस आल्या, टेम्पो आले, आणि आता त्या बस त्याच कंपन्यांची माणसं वाहतात. मी आम्रपाली, राहणार कासारवाडी. माझे वडील जयसिंग, इथल्याच एका कारखान्यात भट्टीवर आयुष्य काढून निवृत्त झालेले. मी इंजिनिअर, चाकणला एका कंपनीत बॅटऱ्यांच्या टेस्टिंगला. इंग्लंडातल्या एका विद्यापीठात याच विषयाच्या पुढच्या शिक्षणाला मला प्रवेश मिळाला होता आणि जानेवारीत वर्ग सुरू होणार होते. अडलं होतं ते फक्त कर्जापाशी. सरकारी स्कॉलरशिपच्या यादीत माझं नाव लागलं नव्हतं, आणि आता बँक शेवटची.

बँकांचं सगळीकडं एकच. आधी प्रवेशाचं पत्र बघून खुर्ची देतात, पाणी विचारतात. मग विचारतात, तारण काय देणार? आमचं घर आहे, पक्कं आहे, वरती खोली चढवलेली आहे. घरपट्टी पप्पांच्या नावावर, लाइटबिल पप्पांच्या नावावर. जमीन मात्र आमच्या नावावर नाही, आमच्या आख्ख्या गल्लीत कुणाच्याच नाही. हे सांगितलं की समोरचा माणूस फाइल अशी अलगद बंद करतो, की आपल्यालाच त्याची दया यावी. बिनतारणाचं कर्ज पप्पांच्या पेन्शनवर कोण देणार? तरी मी रोज उत्पन्नाचे दाखले, झेरॉक्स, पासबुकं घेऊन फिरत होते. हट्टी आहे मी, काय करणार.

आमच्या कंपनीची बस ऋतिकच्या घरची निघाली. हे मला कधी कळलं? तर एका सकाळी तो कासारवाडीच्या स्टॉपवर उभा दिसला तेव्हा. काय म्हणे, बसचे ब्रेक बघायला आलो. दुसऱ्या दिवशी टायर. तिसऱ्या दिवशी ड्रायव्हरच म्हणाला, मालक, आता बघायला काही राहिलं नाही, बसा की आत. तो बसला, माझ्या शेजारच्या सीटवर, आणि माझ्या मांडीवरची फाइल बघून म्हणाला, लोकं सकाळी डबा घेऊन जातात, तुम्ही हे काय घेऊन जाता?

मी सांगितलं. सगळंच सांगितलं, तारणासकट. का सांगितलं, देव जाणे. खिडकीतून वारा येत होता, कागद फडफडत होते आणि त्यानं न विचारता त्यांच्यावर आपला हात ठेवला होता, म्हणून असेल.

“माझ्या नावावर मोशीला फ्लॅट आहे,” तो म्हणाला. “रिकामाच पडलाय.”

भोसरी येईपर्यंत मी फाइलीची नाडी सोडत-बांधत बसले. मग विचारलं, “का?”

“का म्हणजे... माझ्या कोटाला हसलात ना, त्याचा बदला.”

आता सांगा, अशा माणसाचं काय करायचं? मी खूप समजावलं. हप्ता चुकला तर बँक तुमच्या दारात येते, जामीनदार म्हणजे गंमत नाही, म्हटलं. तो ऐकून घ्यायचा आणि शेवटी विचारायचा, पण तुम्ही चुकवणार आहात का? मी नाही म्हणायचे. मग झालं तर, म्हणायचा. आठवडाभरात ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं, आधी त्याच्याकडून, मग माझ्याकडून.

फ्लॅटची किंमत काढायला बँकेचा माणूस येणार होता, तेव्हा आम्ही दोघं मोशीला गेलो. परतीचा पाऊस त्या दिवशी सारखा येत-जात होता. फ्लॅट नवाकोरा, भिंतींना अजून रंगाचा वास, आणि आत एकही वस्तू नाही. तो माणूस टेप घेऊन खोल्या मोजत फिरला. त्याचा समज व्हायचा तोच झाला. मला म्हणाला, वहिनी, ओट्याशेजारी फ्रिज ठेवू नका, तिकडं प्लगच नाही. मी ऋतिककडं पाहिलं. आता हा सांगेल म्हणून वाट पाहिली. तो गंभीरपणे म्हणाला, मग कुठं ठेवायचा? आणि दोघं जण माझ्या फ्रिजची जागा ठरवू लागले.

माणूस गेला आणि पाऊस वाढला. आम्ही अडकलो. खाली फरशीवर रुमाल टाकून बसलो, मधे पाणी प्यायची एकच बाटली. तो बोटानं फरशीवरच्या धुळीत रेघा काढत होता. इथं पलंग, इथं तुझं टेबल. तुझी पुस्तकं खिडकीपाशी नको, झड येते.

“मी इंग्लंडला चाललेय, मोशीला नाही,” मी म्हटलं.

“परत येशील की नाही?”

“आले तर?”

“तर इथंच.” त्यानं मान वर केली नाही. “दुसरीकडं कुठं... मी जाऊ देणार नाही.”

मला तो आवडत होता. उगाच आडून कशाला सांगू, मनापासून आवडत होता. त्याचा ओला शर्ट, धुळीनं माखलेलं बोट, बोलताना अर्ध्यात थांबायची सवय, सगळंच. त्या रिकाम्या खोलीत मला माझं सगळं सामान दिसू लागलं होतं. म्हणूनच मी विचारून टाकलं. माझं आडनाव त्यानं फाइलीवर वाचलं होतं, जातीचा दाखलाही त्याच फाइलीत होता. आमच्या घरी भिंतीवर कुणाचा फोटो आहे आणि त्याच्या घरी कुणाचा, हे दोघांनाही न सांगता माहीत होतं. मी म्हटलं, तुझ्या घरी चालणार आहे का हे?

“मला फरक पडत नाही.”

“तुझं नाही विचारलं. घरचं.”

“घरचं मी बघतो,” तो म्हणाला.

मी बघतो! मुलीला एवढं पुरतं हो. बघतो म्हणजे कधी, कसं, कुणाशी बोलून, हे विचारायला जी अक्कल लागते ती माझ्यापाशी बॅटरीपुरतीच होती. मी मान डोलावली आणि त्याच्या खांद्याला डोकं टेकलं. पाऊस थांबला तरी आम्ही जरा वेळ थांबलो.

पप्पांना मात्र ते पटेना. रक्ताचं नातं नाही आणि हा मुलगा घर गहाण टाकतोय, का? मी सांगितलं की आमचं... आमचं ठरलंय. पप्पांनी चष्मा काढून पुसला. ते ओरडणारे नाहीत. मग एकच विचारलं, त्याच्या घरी माहीत आहे का? मी हो म्हटलं. आईनं माझ्याकडं असं पाहिलं की मला उठून पाणी प्यायला जावं लागलं.

आता चूक कुठं झाली ते सांगते. मला कर्ज पिंपरीतल्या मोठ्या शाखेतून हवं होतं. तिथं रोज शेकडो माणसं येतात, कुणी कुणाचं नाही. ऋतिकनं ऐकलं नाही. तिथं कोण विचारतंय आपल्याला, म्हणाला, आमच्या गावच्या शाखेत चल, जमिनीच्या पैशांपासून आमचं सगळं तिथंच आहे, सगळी ओळखीची माणसं, काम झालंच समज. आमच्या या पट्ट्यात ओळखीशिवाय पान हलत नाही, अशी पोराटोरांचीसुद्धा खात्री. गॅसची टाकी ओळखीनं, शाळेतला प्रवेश ओळखीनं, दवाखान्यातली खाट ओळखीनं. ओळख असली की काम सोपं होतं एवढंच त्याला माहीत होतं. ओळखीच्या माणसाला तोंड दाखवावं लागतं, हे त्याच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही.

त्या दिवशी पप्पांनी पांढरा शर्ट घातला होता, आदल्या संध्याकाळी स्वतः इस्त्री केलेला. कर्ज माझ्याबरोबर त्यांच्याही नावावर निघणार होतं. बँकेत ज्या बाईंकडं आमचं काम होतं त्या सुमनताई, ऋतिकच्या भावकीतल्या. तो त्यांना वहिनी म्हणत होता. चांगल्या बाई. आल्या आल्या चहा मागवला, पप्पांना पंख्याखालची खुर्ची दिली, माझी फाइल बघून म्हणाल्या, इतकी व्यवस्थित फाइल मी बघितली नाही गं. मला बरं वाटलं. जामीनदार म्हणून ऋतिकच्या सह्या आधी झाल्या. पानामागून पान त्यानं भराभर सही केली, मधेच एकदा माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

मग सुमनताईंनी एका पानावर बोट ठेवलं. हे राहिलंय, भावजी. अर्जदाराशी नातं. काय लिहू?

पंखा चालू होता, पलीकडच्या काउंटरवर कुणीतरी पासबुक छापून घेत होतं. ऋतिकनं चहाचा कप उचलला आणि परत ठेवला.

“ओळखीतल्या आहेत,” तो म्हणाला.

“नुसत्या ओळखीवर कुणी फ्लॅट ठेवतं का? वरचे विचारतील मला. कारण लिहावं लागतं.”

मी त्याच्याकडं बघत होते. खरं सांगते, मला भीती वाटत नव्हती. मला वाटलं, आता हा बोलेल. जरा अडखळेल, पण बोलेल.

“मागासवर्गीय समाजातली मुलगी आहे, वहिनी,” तो म्हणाला. “गरीब घरातली, पण हुशार. म्हटलं आपल्या हातून एक चांगलं काम होईल.”

सुमनताईंचा चेहरा मोकळा झाला. त्या लिहू लागल्या आणि लिहिता लिहिता म्हणाल्या, बरं झालं बाई, मला आपलं उगाच भलतंच वाटलं होतं. रविवारी तुम्ही मुलगी बघायला राजगुरुनगरला चाललाय ना, तिकडच्या लोकांच्या कानावर काही गेलं तर पंचाईत. ऋतिक हं म्हणाला. रविवारचं मला माहीत नव्हतं. ते बघणं कधीच बंद झालंय, असं त्यानं मला सांगितलं होतं.

आणि पप्पा शेजारी बसले होते. आयुष्यभर भट्टीसमोर उभं राहून ज्यांनी घर बांधलं, आम्हाला शिकवलं, कुणाकडून कपभर साखर उसनी आणू दिली नाही, ते माझे पप्पा इस्त्रीच्या शर्टात बसून ऐकत होते की ते गरीब आहेत आणि हा मुलगा त्यांच्यावर उपकार करतोय. त्यांनी कप बशीत ठेवला. माझ्याकडं वाकून अगदी हळू म्हणाले, “बाळा, मी ठरवलं तर आत्ता उठून जाईन. म्हणून तू ठरव.”

माझी सही अजून व्हायची होती. एक मिनिट येते, असं सांगून मी बाहेर आले. पाठोपाठ ऋतिक आला.

पार्किंगमध्ये त्याच्या बुलेटपाशी आम्ही उभे राहिलो. समोर चहाची टपरी होती, तिथली दोन-तीन माणसं त्याला हात करत होती. तोही त्यांना हात करत होता, आणि तेवढ्यातच माझी समजूत काढत होता. म्हणाला, आत खरं सांगितलं असतं तर मी घरी पोचायच्या आत बापाला कळलं असतं. फ्लॅट माझ्या नावावर आहे, पण घर त्यांचं आहे. कर्ज तिथंच बुडालं असतं. तुझ्यासाठीच केलं मी हे.

त्यात खोटं काही नव्हतं. मला राग याचाच आला, की त्यात खोटं काही नव्हतं.

“आणि रविवार?” मी विचारलं.

“नुसतं जायचं, चहा पिऊन यायचं. नाही म्हणून सांगणार आहे मी.”

“कुणाला?”

तो एकदम माझ्या जवळ आला, टपरीकडं एकदा बघून घेतलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “माझं प्रेम आहे तुझ्यावर, आम्रपाली. शपथ.”

इतके दिवस हे कधी म्हणेल म्हणून मी वाट बघत होते. बसमध्ये, मोशीच्या फरशीवर, फोन ठेवता ठेवता. मनात मी त्याला याचं उत्तरसुद्धा कितीदा दिलं होतं. आणि तो हे बोलला ते असं, कुणी ऐकत तर नाही ना हे बघून. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. येऊ दिलं.

“हे आत चलून सांग,” मी म्हटलं.

“काय?”

“हेच. वहिनींना सांग. त्या लिहिलेलं खोडतील, नवं लिहितील. कर्ज गेलं तर जाऊ दे. मी पुढच्या वर्षी जाईन, नाही जमलं तर नाही जाणार. पण माझ्या पप्पांसमोर आत चलून सांग.”

मी खरंच बोलत होते. इंग्लंड, बॅटऱ्या, सगळ्या झेरॉक्सा, सगळं मी त्या क्षणी त्याच्या बुलेटच्या सीटवर ठेवलं होतं. त्यानं नुसतं माझ्यामागून चालत यायचं होतं, पंधरा-वीस पावलं. माझ्यापेक्षा त्याला कमीच किंमत मोजायची होती.

बँकेचं दार उघडून एक शिपाई बाहेर आला आणि ऋतिकला नमस्कार करून टपरीकडं गेला. ऋतिकनं त्याला हसून नमस्कार केला. मग माझ्याकडं बघितलं नाही. आरशावर अडकवलेलं हेल्मेट काढून उगाच हातात धरलं, त्याची काच पुसू लागला.

“वेळ येऊ दे ना...” तो म्हणाला. “मी बघतो.”

मी डोळे पुसले आणि आत गेले.

सुमनताईंनी खुर्ची पुढं केली. बरं आहे ना गं, म्हणाल्या. मी म्हटलं, हो, जरा गरम झालं होतं. त्यांनी पान माझ्यापुढं सरकवलं. मी ते वाचलं. अर्जदाराशी नातं: ओळख. कारण: सामाजिक मदत. त्यांचं अक्षर चांगलं होतं.

“बरोबर आहे ना?” त्यांनी विचारलं.

“बरोबर आहे,” मी म्हटलं.

आणि मी सही केली. हो, केली. मी कागद फाडून तोंडावर फेकायला हवे होते असं तुम्हाला वाटत असेल, तर तुम्ही बँकांच्या पायऱ्या चढलेल्या नाहीत. माझं नशीब मी त्या धुळीतल्या रेघांवर ठेवायला निघाले होते, पण त्याला ते नको होतं. मग त्याच्या भित्रेपणापायी मी माझं शिक्षण का घालवू? माझ्यानंतर पप्पांनी सही केली. त्यांना सवय आहे, पूर्ण नाव लिहितात, वडिलांच्या नावासकट. सावकाश लिहिलं. मग पेन बंद करून सुमनताईंना परत दिलं आणि म्हणाले, चहाबद्दल आभारी आहे, ताई. फुकटचं आम्ही काही घेत नाही, हेही कर्जच आहे, व्याजासकट फिटेल. सुमनताईंना काही कळलं नाही. त्या हसल्या.

आम्ही बाहेर आलो. ऋतिक बुलेटवर बसून होता. पप्पा त्याच्यासमोरून सरळ रस्त्यापलीकडं बसस्टॉपवर जाऊन उभे राहिले. तो खाली उतरून माझ्याकडं आला. चेहरा उतरला होता त्याचा, आणि तरीही मला तो आवडत होता, ही सगळ्यात वाईट गोष्ट. सोडू का कासारवाडीपर्यंत, म्हणाला. मी नको म्हटलं.

“बरं. रात्री फोन करतो.”

“तुम्ही नका करू,” मी म्हटलं. “माझा हप्ता चुकला तर बँकच तुम्हाला फोन करेल. आणि मी एकही हप्ता चुकवणार नाही.”